परभाषेत ऑनलाइन वाचताना शब्द अडला तर लगेच बघता की पुढे जाता?

निनाद_पु:
मंडळी, जर्मनची बी-१ पातळी झाली, बी-२ चा अभ्यास चालू आहे. आमच्या बाई म्हणतात, आता पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा आणि खऱ्या बातम्या वाचायला लागा. म्हणून सकाळी 'टागेसशाऊ'चं संकेतस्थळ उघडून बसतो. पहिलं वाक्य बरं जातं, दुसऱ्यात दोन शब्द अडतात. शब्दावर दोनदा टिचकी मारली की अर्थाची छोटी खिडकी उघडते. ती वाचून बंद करेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. पुन्हा मागे जा, पुन्हा वाच. एका बातमीत चहा गार होतो आणि संध्याकाळी त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

दोन प्रश्न आहेत. अडलेला प्रत्येक शब्द तिथल्या तिथे बघता, की अंदाज बांधून पुढे जाता? आणि बघता ते कशावर? कोश, ॲप, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, जे काही वापरत असाल ते सांगा. जर्मनच पाहिजे असं नाही, कुठलीही भाषा चालेल.

कॉफीवाली:
जागा धरून ठेवते. सवडीने लिहीन.

अप्पा_बळवंत:
माझं उत्तर सोपं आहे. बघायचं नाही. परिच्छेद संपेपर्यंत कोशाला हात लावायचा नाही.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलो तेव्हा कोश म्हणजे जाडजूड ठोकळा. तो कपाटातून काढा, पानं उलटा, बारीक अक्षर वाचा. एवढा व्याप असल्यामुळे ज्या शब्दावाचून अगदीच अडायचं तोच बघितला जायचा. बाकीच्यांखाली पेन्सिलीने रेघ. परिच्छेद संपला की रेघा पुन्हा बघायच्या. निम्म्या शब्दांचा अर्थ तोवर पुढच्या वाक्यांनी सांगितलेला असायचा. आता टिचकी फुकट झाली, म्हणून ती प्रत्येक शब्दावर पडते. दुसरं कारण नाही.

जपानी_जुई:
अप्पाकाका, फ्रेंचला ठीक आहे हो. जपानीत हे चालत नाही. फ्रेंच शब्दाचा अर्थ कळला नाही तरी तो वाचता येतो. कांजी (चिनी लिपीतून आलेलं चिन्ह) अडली तर उच्चारच माहीत नसतो, आणि उच्चार माहीत नाही तर कोशात टंकणार काय? त्यात दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हेच आधी ठरवायचं.

छापील कोशात चिन्हाचा मूळ घटक ओळखायचा (परंपरेने असे २१४ मानतात), मग रेघा मोजायच्या, मग यादीत शोधायचं. एक रेघ जास्त मोजली की भलत्याच पानावर. नेहमीच्या वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ कांजी आहेत, म्हणजे हा खेळ रोजचा.

आता मी योमितान हे एक्स्टेन्शन वापरते. ब्राउझरमध्ये शिफ्टची कळ दाबून शब्दावर माउस नेला की उच्चार आणि अर्थ दोन्ही येतात. क्रियापदाची रूपंही ते सोडवतं. 'ताबेसासेरारेताकुनाकात्ता' म्हणजे 'मला जबरदस्तीने खायला घातलं जायला नको होतं'. हे कुठल्याही कोशात असं मिळणार नाही, पण योमितान बरोबर मूळ 'ताबेरु'वर, म्हणजे 'खाणे'वर नेऊन सोडतं. पूर्वी योमिचान होतं, त्याचं काम २०२३ मध्ये थांबलं, त्याच्याच पुढची ही आवृत्ती. आत जो कोश घालतात तो बहुतेक वेळा जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे. जपानीची अर्धी ॲप्स त्याच्याच जिवावर चालतात.

खादाड_बोका:
'मला जबरदस्तीने खायला घातलं जायला नको होतं' हे वाक्य आमच्या आजोळी एकदाही उच्चारलं गेलेलं नाही.

स्टुटगार्टचा_श्री:
निनाद, तुझी खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. टिचकी एका शब्दावर पडते, आणि जर्मनमध्ये क्रियापद पुष्कळदा दोन तुकड्यांत विभागलेलं असतं. बातम्यांत नेहमी येणारं वाक्य घे: 'दी पोलिट्साय नाम देन मान नाख आयनर फरफोल्गुंग्सयाग्ट फेस्ट.' तू 'नाम'वर टिचकी मारलीस की कोश सांगणार 'नेमेन' म्हणजे घेणे. पोलिसांनी पाठलागानंतर माणूस घेतला. कुठे घेतला, कशाला घेतला? वाक्याच्या टोकाला 'फेस्ट' लटकतोय तो क्रियापदाचाच भाग. दोन्ही जोडले की 'फेस्टनेमेन', म्हणजे अटक करणे.

तेव्हा क्रियापद अडलं की आधी वाक्याच्या शेवटी नजर टाक. तिथे आन, आउफ, आउस, आब, फोर, त्सू, फेस्ट, श्टाट असलं काही एकटं पडलेलं दिसलं तर ते क्रियापदाच्या सुरुवातीला जोड आणि मग शोध. 'फिंडेट... श्टाट' बातम्यांत पावलोपावली भेटेल. 'फिंडेन' म्हणजे सापडणे, पण 'श्टाटफिंडेन' म्हणजे होणे, पार पडणे.

दुसरं लांबलचक नामांचं. ती शेवटाकडून फोडायची. बुंडेसफरफासुंग्सगेरिष्ट: 'गेरिष्ट' न्यायालय, 'फरफासुंग' राज्यघटना, 'बुंडेस' संघराज्याचं. कार्ल्सरुहंचं घटना न्यायालय. शाळेत तत्पुरुष समासाचा विग्रह केलेला असतो आपण, तोच करायचा.

कोश म्हणशील तर पटकन अर्थाला डिक्ट-सीसी किंवा लेओ, आणि सवड असेल तेव्हा डूडेन. डूडेनच्या संकेतस्थळावर शब्द किती वापरात आहे हे पाच खणांच्या पट्टीने दाखवतात. एकच खण भरलेला असेल तर तो शब्द पाठ करायच्या भानगडीत मी पडत नाही.

बार्देसकार:
आमच्याकडे फेस्त म्हटल्यावर चर्चची जत्रा आठवते. पोलीस माणसाला घेऊन फेस्ताला गेले एवढंच मला समजलं.

खादाड_बोका:
लांब नामांवरून आठवलं. गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवण्याची कामं कोणाकडे सोपवायची, याचा एक कायदा जर्मनीतल्या एका राज्यात होता. रिंडफ्लाइशएटिकेटियरुंग्सयुबरवाखुंग्सआउफगाबनयुबरट्रागुंग्सगेझेट्स. जर्मनमध्ये ६३ अक्षरं, आणि २०१३ मध्ये कायदाच रद्द केला. यावर दोनदा टिचकी मारायची झाली तर माउस पडद्याबाहेर जाईल.

नाद_भाषेचा:
अप्पांच्या आणि जुईच्या मधलं काही सांगतो. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे अभ्यासक आहेत, परभाषेतल्या शब्दसंग्रहावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. त्यांच्या आणि हू यांच्या २००० सालच्या अभ्यासातून आलेला आकडा पुष्कळ ठिकाणी वापरतात: मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. त्याआधी ९५ टक्के पुरेत असं मानत, वीसात एक.

निनाद म्हणतो, एका वाक्यात दोन अडतात. वाक्य वीस शब्दांचं धरलं तरी हे ९० टक्के झालं. इतके खड्डे असले की अंदाज बांधायला आजूबाजूला आधारच उरत नाही, कारण आधाराचे शब्दही अनोळखी. 'अंदाजाने पुढे जा' हा अप्पांचा सल्ला चांगला आहे, पण तो वरच्या पातळीवर आल्यावरचा. तोवर सोपा मजकूर घ्या. डॉइचलांडफुंक या जर्मन नभोवाणीचं 'नाखरिष्टनलाइष्ट' आहे, आठवड्याच्या बातम्या सोप्या जर्मनमध्ये, कठीण शब्द खाली समजावलेले. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, ऐकता ऐकता मजकूर समोर ठेवता येतो.

जपानी_जुई:
जपानीतही एनएचकेच्या सोप्या बातम्या आहेत, कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार दिलेला. सुरुवातीला त्याच वाचल्या.

अप्पा_बळवंत:
९८ टक्के ओळखीचं असेल तर ते वाचन झालं, शिकणं कुठे झालं? आणि सोप्या केलेल्या बातम्या वाचून कंटाळा येतो. कंटाळलेला माणूस कोशही उघडत नाही आणि पानही.

नाद_भाषेचा:
अप्पा, सोपं म्हणजे बालवाडीतलं असं मी म्हटलेलं नाही. विषय आधी माहीत असला तरी मजकूर सोपा होतो. सकाळी मराठी वर्तमानपत्रात निवडणुकीचा निकाल वाचलाय, मग तीच बातमी जर्मनमध्ये वाचा. कोण जिंकलं, कोण हरलं ठाऊक असतं, राहिले फक्त शब्द.

अभ्यासिका_सदाशिव:
तुमचं सगळ्यांचं जर्मन-जपानी चालू द्या, आमच्यासाठी इंग्रजी हीच परभाषा. मराठी माध्यमात बारावी, मग स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात. इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात, 'द हिंदू'चा अग्रलेख वाच. वाचला. एका अग्रलेखाला वहीची दोन पानं शब्द निघाले. खोलीतल्या प्रत्येकाची अशी वही होती, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. परीक्षेच्या आधी ती कोणी उघडल्याचं मी पाहिलं नाही.

शाळेत वीरकरांचा इंग्रजी-मराठी कोश होता, त्याने दहावीपर्यंत नेलं. पण अग्रलेखातल्या शब्दाला कोश मराठीत तीन प्रतिशब्द देतो, त्यातला दुसरा मला मराठीतच माहीत नसतो. फरक पडला तो लाँगमनच्या शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशाने. १९७८ साली तो निघाला तेव्हापासून त्यातले अर्थ साधारण २,००० नेहमीच्या शब्दांतच लिहितात. तेवढे शब्द आले की कोश वाचता येतो, आणि अर्थ वाचताना तेच दोन हजार पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जातात. संकेतस्थळावर फुकट आहे. सोबत वाक्यं असतात, कुठला शब्द कशाबरोबर येतो ते दिसतं. वहीत मी आता अर्थ लिहीत नाही, वाक्य लिहितो.

जपानी_जुई:
+१. आणि एक गंमत. शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तो कोश पहिल्यांदा १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, ऑक्सफर्डचं नाव नंतर लागलं. परक्यांना नक्की कुठे अडतं, ते वर्गात रोज दिसत असणार त्यांना.

मेघ_१२:
एवढा उपद्व्याप कशाला लोकहो? पूर्ण पान यंत्राकडून मराठीत करून घ्या, दोन सेकंद. चॅटबॉटला विचारलं तर वाक्य फोडून, व्याकरणासकट सांगतो. २१४ घटक मोजायचे दिवस गेले.

अप्पा_बळवंत:
मग तुम्ही मराठी वाचता. जर्मन यंत्र वाचतं.

मेघ_१२:
काका, रागावू नका. मला जर्मन शिकायचं नाही, घरमालकाचं पत्र समजलं की झालं. सगळ्यांनी भाषापंडित व्हायचं का?

स्टुटगार्टचा_श्री:
मेघचं म्हणणं रास्त आहे. बँकेचं पत्र आलं की मीही आख्खं भाषांतरच करून घेतो. पण ज्या शब्दावर पैसे अवलंबून आहेत तो स्वतः बघावाच. घरभाड्याच्या जाहिरातीत 'काल्टमीटे' आणि 'वार्ममीटे' असतं. शब्दशः थंड भाडं, गरम भाडं. मराठीत असं उतरलं तर काय समजायचं? काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे खर्च मिळवले की वार्ममीटे, आणि वीज बहुतेक वेळा त्याहूनही वेगळी. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, तीही वरखर्च वगळून. गरम भाड्यावर हिशेब करून कोणी अनामत मागितली तर हे माहीत असलेलं बरं. चॅटबॉटला 'याचा अर्थ काय' एवढंच विचारण्यापेक्षा 'यात काय धरलंय आणि काय नाही' असं विचार, उत्तर जास्त कामाचं येतं. नंतर भाडेकरू संघटनेच्या संकेतस्थळावर ताडून बघ.

तंत्रसावध:
एक इशारा देऊन ठेवतो. टिचकीवर अर्थ दाखवणारी जी एक्स्टेन्शन्स आहेत, त्यांना तुम्ही उघडलेल्या सगळ्या पानांवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी लागते. त्याशिवाय त्यांना शब्द दिसणारच नाही. पण 'सगळी पानं' यात बँकही आली आणि ईमेलही. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन 'टिचकी मारल्यावरच चालू' असं ठेवता येतं, किंवा ठरावीक संकेतस्थळांपुरतं. माझं सरळ आहे: परभाषेच्या वाचनाला वेगळं ब्राउझर प्रोफाइल, बँकेला वेगळं.

नेट नसताना वाचणाऱ्यांसाठी गोल्डनडिक्ट बघा, त्यात हवे ते कोश घालता येतात. किविक्स या ॲपवर विक्शनरी हा मुक्त कोश उतरवून घेता येतो. विक्शनरीत रूपं असतात, 'नाम' शोधलं तरी ते 'नेमेन'चा भूतकाळ आहे हे सांगते. आणि फोनवर वाचत असाल तर काही घालायचीही गरज नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये जर्मन-इंग्रजी कोश चालू करता येतो, मग शब्द दाबून धरला की झालं. अँड्रॉइडवर शब्द निवडल्यावर येणाऱ्या यादीत कोशाचं ॲप दिसतं.

बार्देसकार:
टिचकी, टिचकी, टिचकी. जिथे टिचकी चालतच नाही तिथली गोष्ट ऐका.

मी घराण्याच्या जमिनीचे कागद लावतोय, त्यासाठी जुनं पोर्तुगीज वाचावं लागतं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं पाहिली. ओ हेराल्डो १९०० मध्ये पोर्तुगीज दैनिक म्हणून सुरू झालं आणि १९८३ मध्ये इंग्रजी झालं, म्हणजे वाचायला ढीग आहे. स्कॅन केलेल्या पानावर शब्द हे चित्र असतं, माउस फिरवून काही होत नाही. चित्रातून अक्षरं काढणारं ॲप लावावं, तर पुसट छपाईत ते सी आणि ई मध्ये गोंधळतं.

हेही जमवलं, तरी पुढे भिंत. शब्द ऑनलाइन कोशात नाहीच! पोर्तुगालने १९११ मध्ये लेखन सुधारलं, आणि माझे कागद त्याआधीचे. जुन्या कागदात औषधाचं दुकान 'पी-एच'ने सुरू होतं, आजच्या कोशात 'एफ'ने. शेवटी मी बदलांची चिठ्ठी करून भिंतीवर लावली: पी-एचच्या जागी एफ, टी-एचमधला एच काढ, जोडीने आलेलं व्यंजन एकच ठेव (आर-आर आणि एस-एस सोडून), 'क' उच्चाराच्या सी-एचनंतर ई किंवा आय असेल तर त्याच्या जागी क्यू-यू, एरवी नुसता सी. एवढं केलं की प्रिबेराम या ऑनलाइन पोर्तुगीज कोशावर बहुतेक शब्द सापडतात. राहिले ते कायद्याचे. त्यांना म्हापशाचे एक म्हातारे वकील आहेत. त्यांच्याकडे दुपारी चार नंतर जायचं, वामकुक्षी मोडायची नाही.

कॉफीवाली:
चारनंतर उघडणारा कोश, मस्त :) मी किंडलवाली आहे, त्यामुळे थोडक्यात. शब्द दाबून धरला की अर्थ येतो, आणि बघितलेला शब्द ज्या वाक्यात होता त्या वाक्यासकट यादीत जाऊन बसतो. वरच्या अभ्यासिकावाल्यांची वही आपोआप तयार होते. फ्रेंच कादंबऱ्या अशाच वाचते. अट एकच, प्रकरण संपल्याशिवाय यादी उघडत नाही.

हडसनकाठ:
उलटी बाजू सांगते. माझी मुलगी न्यू जर्सीत वाढली, मराठी बोलते बरी, वाचायला आत्ता लागली आहे. तिच्यासाठी मराठी ही निम्मी परभाषाच. ऑनलाइन गोष्ट वाचताना ती 'पाण्यात' शोधते, मिळत नाही. 'माणसांनी' नाही, 'घरापर्यंतसुद्धा' नाहीच नाही. आपल्याला कधी जाणवत नाही, पण मराठी शब्द कोशात असतो तसा वाक्यात क्वचितच येतो. आधी सामान्यरूप सोडवा, मग शोधा. तिला मी शेपूट कापायला शिकवलं: त, ने, ला, ची, पर्यंत, सुद्धा काढ, मग पाण्या म्हणजे पाणी, माणसा म्हणजे माणूस.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे, जुन्या मराठीचा तुळपुळ्यांचा कोश, सगळं शोधता येतं. फक्त मोल्सवर्थचं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं. मराठी शब्द बघायला गेली की इंग्रजी अर्थातला शब्द बघायला दुसरी खिडकी उघडते. अमेरिकेत जन्मलेली मुलगी मराठीमुळे इंग्रजी शिकतेय.

शेरोशायर:
उर्दू कोणी काढलीच नाही. रेख्ता या संकेतस्थळावर गझलेतल्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारा, अर्थ हजर. लिपीही बदलता येते, देवनागरी, नस्तालिक, रोमन. कविता वाचणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली सोय मी दुसऱ्या भाषेत पाहिली नाही.

अप्पा_बळवंत:
उर्दू परभाषा कशी? तुम्ही 'हजर' म्हणालात ना आत्ता.

शेरोशायर:
'हजर' कळतं हो. गालिबचे इजाफत (दोन शब्द जोडणारा 'ए') लावलेले फारसी समास कळतात का टिचकीशिवाय?

निनाद_पु:
सगळ्यांना उत्तर द्यायला जमलं नाही, पण सगळं वाचतोय आणि थोडं करूनही बघितलं. नादभाऊंचं ऐकून आधी मराठी बातमी, मग तीच जर्मन. पहिल्या वाचनात टिचकी बंद. दुसऱ्यात, जो शब्द त्याच बातमीत पुन्हा आला तेवढाच बघतो. एकदाच आलेले बरेच शब्द न बघता सोडले तरी बातमीचं काही बिघडलं नाही. श्रीदादांची वाक्याच्या टोकाची युक्ती सगळ्यात कामाची. एका बातमीत 'श्टाट' तीनदा सापडला.

आता नवीन अडचण. 'तो आजारी आहे' याला 'एर इस्ट क्रांक' शिकलो. बातमीत 'एर झाय क्रांक' लिहिलेलं असतं. 'झाय' शोधला तर कोश 'झाइन'कडे, म्हणजे 'असणे'कडे नेतो. हा अर्थ मला आधीच माहीत आहे. मग तिथे 'इस्ट' का नाही?

स्टुटगार्टचा_श्री:
कारण ते पत्रकाराचं म्हणणं नाही, दुसऱ्या कोणाचं आहे. मंत्र्याच्या प्रवक्त्याने सांगितलं, पत्रकाराने फक्त पोचवलं. आपण 'तो म्हणे आजारी आहे' म्हणतो ना, त्यातल्या 'म्हणे'चं बरंचसं काम जर्मन क्रियापदाच्या रूपातून होतं. फक्त आपल्या 'म्हणे'त शंकेचा वास असतो, जर्मनमध्ये तसा असेलच असं नाही. झाय, हाबे, वेर्डे दिसले की मागच्या वाक्यात जा आणि बोलतंय कोण ते शोध. शब्दकोशाचं काम नाही ते, व्याकरणाचं पुस्तक काढ आणि 'कोंयुंक्टिव्ह एक' बघ.

नाद_भाषेचा:
याचा वेगळा धागा काढा श्री, इथे हरवेल.

वोल्गाकाठी:
उशिरा आले. रशियनवालं कोणी आहे का? छापील रशियनमध्ये शब्दाचा आघात कुठे ते दाखवत नाहीत, आणि आघात सरकला की अर्थही बदलतो. विक्शनरी खूण देते, पण प्रत्येक शब्दासाठी तिकडे जायचं म्हणजे निनादसारखाच चहा गार. पूर्ण पानावर आघाताच्या खुणा टाकून देणारं काही भरवशाचं माहीत आहे का?